बुधीबाईचं कुळ

जमनाबाईच्या आंदणात काय काय आलं होतं, ते आमोदखेड्यातल्या जुन्या बायका न चुकता सांगत. दोन दुभत्या म्हशी, शिसवी पलंग, तांब्यापितळेची भांडी, गोधड्यांची चळत आणि बुधी. बुधीचं नाव शेवटी यायचं, कारण ती गाडीत शेवटी चढली होती. भांडी बांधून झाल्यावर गाडीत थोडी जागा उरली, तिथे तिला बसवलं.

असं आंदण सगळ्या घरांत देत नसत, हे आधीच सांगितलेलं बरं. तापीकाठचे पाटील मोठे शेतकरी, पण मुलीबरोबर भिलाचं पोर पाठवायचं हे त्यांतल्याही थोड्यांना सुचलं असेल. जमनाबाईचं माहेर सातपुड्याच्या पायथ्याशी होतं आणि तिच्या बापाला दिमाखाची हौस होती. लेक तेरा वर्षांची, सासरी तिला करमणार नाही, सोबत कोणी हवं. मग वरच्या एका पाड्यावरून सहा-सात वर्षांची पोर खाली आणली. कोणी म्हणत, त्या वर्षी डोंगरात खायला काही नव्हतं आणि बापाने आपल्या हाताने दिली. कोणी म्हणत, त्याला विचारलं कुणी? पोर गावात पोचली त्या दिवशी बुधवार होता, म्हणून ती बुधी. आधी तिचं काही नाव असणारच. ते विचारायची गरज कोणाला वाटली नाही, आणि नव्या घराच्या गडबडीत ते तिचं तीही विसरली.

तिला आठवायचं ते एवढंच की कोणाच्या तरी पाठीवर ती बांधलेली होती, आणि खाली मोहाची फुलं पडलेली होती. आता सातपुड्यात मोहाची झाडं काय एकदोन आहेत? एवढ्या आठवणीवर माणूस आपलं घर कसं शोधणार?

जमनाबाई वाईट नव्हती. हे बुधी स्वतः सांगायची, आणि सांगताना तिचा आवाज साधा असायचा. लहान असताना दोघी सागरगोटे खेळल्या. थंडीत जमनाबाईने आपली जुनी चोळी तिला दिली. पण खेळ संपला की एक पलंगावर जायची आणि दुसरी गोठ्याच्या पडवीत, आणि त्यात काही चुकतंय असं दोघींनाही वाटायचं नाही. बुधीचा कान तुटलेला कप गोठ्यातल्या कोनाड्यात असायचा. तो घरातल्या भांड्यांत कधी मिसळला नाही.

वयात आली तेव्हा जमनाबाईच्या नवऱ्याने, चुनीलाल पाटलांनी, तिचं लग्न लावून टाकलं. त्यांच्याकडे रूपसिंग नावाचा तरणा सालदार होता, वर्षाच्या बोलीवर राबणारा. एकटा गडी पळून जातो, बायको असली की टिकतो, हा पाटलांचा हिशेब. रूपसिंगचा बाप भिला नावाचा, डोंगरातून उतरून आलेला जुना माणूस. त्याने हात जोडून एक विचारलं.

"मालक, पोरनं कुळ कोणतं?"

"ती आमना घरनी शे. आमनं कुळ तेच तिन्हं कुळ समज," पाटील म्हणाले.

भिलाने जोडलेले हात खाली घेतले. पाटलाच्या जमिनीवर झोपडी, पाटलाच्या विहिरीचं पाणी, तिथे कुळ कोण काढतो? पण त्याचं विचारणं उगाच नव्हतं. भिलांमध्ये एका कुळात सोयरीक होत नाही. एका कुळाची माणसं म्हणजे एका रक्ताची, कितीही लांबची असोत, भाऊ आणि बहीणच. रूपसिंगच्या बापाचं कुळ मोराचं. त्याच्या घरात मोराला कोणी दगड मारायचा नाही, त्याच्या पावलांच्या ठशावर कोणी पाय द्यायचा नाही, बायका मोर दिसला की पदर तोंडावर ओढायच्या. बुधी सून म्हणून आली आणि तीही ओढायला लागली. नवऱ्याचं ते आपलं. तिला त्यात सुखच वाटायचं, कारण काहीतरी पाळायला मिळालं होतं.

संसार चांगला झाला म्हणायचा. रूपसिंग कमी बोलणारा, पण हात कधी उगारला नाही. बाजारातून येताना दोन जिलब्या फडक्यात बांधून आणायचा. तीन मुलगे झाले आणि तिन्ही वर्षाच्या आत गेले. पहिल्याला ताप आला, दुसऱ्याला हगवण. तिसऱ्याला काय झालं ते कळलंही नाही, दूध पिता पिता मान टाकली. मग सगळ्यांनी आशा सोडल्यावर रेवा झाली आणि जगली. याच दिवसांत बुधीने जमनाबाईचा नरोत्तमही कडेवर वाढवला. स्वतःचं मूल पुरून आली त्याच्या तिसऱ्या दिवशी तिने त्याला न्हाऊ घातलं होतं.

रेवा सतरा वर्षांची झाली आणि तिला मागणी आली. मुलगा दलपत, तोरणमाळच्या उतारावरच्या एका पाड्याचा. जंगलात त्यांचा स्वतःचा तुकडा होता, मका आणि मोर पिकवायचे, मोर म्हणजे तिकडची भगर. मोहफुलं, चारोळी, डिंक वेगळाच. मोठेपणा काही नव्हता, पण वर कोणी मालक नव्हता. रेवा तिथे गेली तर या घराण्यातली पाटलाच्या गोठ्याबाहेर पडणारी ती पहिली. बुधीला दुसरं काही नकोच होतं. तिने मनात रेवाला कितीदा तरी त्या चढावर पाठवून दिलं होतं.

दलपतचा चुलता सुरुपसिंग बोलणी करायला उतरला. म्हातारा रीतीभातीचा पक्का. पोर पसंत, घर पसंत, बापाचं कुळ मोराचं, तेही ठीक. मग त्याने विचारलं, आईचं कुळ कोणतं? आईच्या कुळातही सोयरीक चालत नाही, तेव्हा ते कळल्याशिवाय शब्द देता येत नव्हता. बुधी खाली बघत राहिली. सुरुपसिंगने तिच्याकडे पाहिलं, समजल्यासारखी मान हलवली आणि होळीपर्यंत मुदत दिली. तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती, एकोणीसशे त्रेसष्ट साल चाललं होतं.

बुधी जमनाबाईकडे गेली. आयुष्यात हा प्रश्न तिने कितीतरी वेळा विचारला होता.

"जमनामाय, माले कोठेन आनं व्हतं वं? आते तरी सांग. मन्ही पोरनं लगीन अडकनं शे."

जमनाबाई कापसातली सरकी काढत होती. तिने मान वर केली नाही.

"ईसरी गऊ मी. चाळीस वरीस व्हई गयात. आते कसाले उकरस?"

विसरली म्हणे. जमनाबाईला माहेरच्या म्हशींची नावं पाठ होती.

याच सुमाराला नरोत्तमला पश्चात्ताप झाला. तो आता चौतीस वर्षांचा होता, शहाद्याच्या एका शाळेत इतिहास शिकवायचा, खादी घालायचा. शिकल्यापासून त्याची अहिराणी मागे पडली होती, आईशीसुद्धा पुस्तकासारखं बोलायचा. वर्तमानपत्रातून त्याने अमेरिकेतल्या काळ्या माणसांची हकीकत वाचली, जहाजांत कोंडून नेलेली माणसं, त्यांची विक्री, आणि आता त्यांच्या नातवंडांनी काढलेले मोर्चे. लोणखेड्याला त्याने त्यावर व्याख्यान दिलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी परत आला तर ओट्यापुढे बुधी शेणाचा सडा टाकत होती. तो तिथेच थबकला, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला जे वाटलं ते अगदी खरं होतं. पुढे त्याने त्याचं जे केलं ते वेगळं.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर त्याने विषय काढला. आपल्या घरात एक माणूस आंदण म्हणून आलं. ही गुलामगिरीच. आपण सगळ्या गावासमोर तिची माफी मागितली पाहिजे.

त्याचे काका सुकलाल पाटील तंबाखू मळत होते. "अरे, अमेरिकामा गोरा नि काळा शेतस. आठे आपन बठाच काळा. आपली माफी कोन मांगी?"

लोक हसले. नरोत्तम हसला नाही. "प्रश्न रंगाचा नाही, काका. आपण माणूस वस्तूसारखं घेतलं."

"आमीन कोठे मांगं व्हतं? तुन्हा आजानी दिधी. त्याले इचार जाय. तो कवयना तापीमा वही गया." सुकलालांनी चुना लावला. "आजाना पापले नातूनी मान खाले घालानी, हाई कोठला न्याय?"

"आजाच्या म्हशी घेताना मान वर होती ना आपली?"

यावर चुलतभाऊ बन्सीलाल चिडला. तिला खायला दिलं, लुगडं दिलं, लग्न लावून दिलं, घरात कधी कोणी बोट लावलं नाही, आणखी काय पाहिजे? नरोत्तम म्हणाला, "पोळ्याला आपण बैलालाही पुरणपोळी देतो, भाऊ."

वाद पेटला. कोणी म्हणालं, तिने तक्रार केली का कधी? कोणी म्हणालं, तिला बोलता येतं का तुमच्यापुढे? कोणी म्हणालं, मग सालदारांचं काय, सगळ्यांचीच माफी मागायची का? मग धुडकू न्हाव्याने सहज विचारलं, "माफी मांगी तर मंग जमीनबी देनी पडी का?" आणि पारावर एकदम शांतता झाली. इतका वेळ सगळे धर्माबद्दल बोलत होते. नरोत्तमनेही काकांकडे पाहिलं, कारण बाप गेल्यापासून जमीन त्यांच्याच नावावर होती. आधी मन बदलायला हवं, जमिनीचं नंतर बघू, असं काहीतरी तो म्हणाला. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर उंटावरून उतरायचं कशाला?

हे सगळं बुधीच्या कानावर पडत होतं. पारापासून चार पावलांवर ती गोवऱ्या थापत होती, आणि तिच्याविषयी बोलणाऱ्या पंधरा माणसांपैकी एकानेही मान वळवून तिला हाक मारली नाही. तिला राग आला नाही. तिच्या डोक्यात होळी होती.

संध्याकाळी ती नरोत्तमकडे गेली, ओट्याखाली उभी राहिली. "नरूभाऊ, माफीबिफी राहू द्या. जमनामायले तेवढं इचारी द्या, माले कोठेन आनं नि मन्हं कुळ कोणतं. तुमले ती नही म्हनाव नही."

नरोत्तमचे डोळे भरले. तो ओट्यावरून उतरून तिच्यासमोर आला. "बुधीमाय, तुझं कुळ मी तुला परत मिळवून देईन. हीच खरी माफी." तिला हायसं वाटलं. हा शिकलेला, आणि तिने कडेवर घेतलेला, तिच्या बाजूने आहे यावर तिने विश्वास ठेवला.

जमनाबाई त्यालाही विसरले म्हणाली. मग नरोत्तमने अन्न सोडलं. एक दिवस ती बधली नाही, दुसऱ्या दिवशी रडली, तिसऱ्या दिवशी दुपारी तिने दार लावून घेतलं आणि मुलाला सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाली, हे बुधीला एकटीला सांग, नाहीतर सांगूच नको. सभेत तर मुळीच नको. का, ते तिने सांगितलं नाही. मोठ्या घरच्या बाईला नोकरांच्या घरातलं तसलं काही बोलायची सवय नसते, आणि मुलाशी तर नाहीच. नरोत्तमला वाटलं, आई माहेरची अब्रू झाकतेय. त्याने तर तेव्हाच ठरवलं की हे सभेतच सांगायचं, लपवाछपवी हेच तर मूळ पाप. गावात राहून भिलांचं कुळ म्हणजे काय हे त्याने कधी विचारलं नव्हतं. अमेरिकेची माहिती मात्र त्याला भरपूर होती.

सभा ठरली सव्वीस जानेवारीला, गावच्या शाळेच्या पटांगणात, झेंडावंदनानंतर. आदल्या दिवशी जमनाबाईने बुधीला परसात बोलावलं.

"सकाय तू सभाले जाऊ नको."

"काबर वं माय?"

"मी सांगस म्हनीसन."

चाळीस-बेचाळीस वर्षं बुधीने प्रत्येक गोष्ट याच कारणासाठी केली होती. आता सुरुपसिंग खाली येणार होता, दलपत येणार होता, कुळ कळणार होतं. तिने पहिल्यांदाच जमनाबाईचं ऐकलं नाही. तोंडाने हो म्हणाली आणि सकाळी धुतलेलं लुगडं नेसून पटांगणात जाऊन बसली.

शहाद्याहून पाहुणे आले होते, खुर्च्या मांडल्या होत्या. बुधीला खुर्चीवर बसवायला निघाले तर ती बसेना, शेवटी टोकावर टेकली. भील मंडळी मागे निंबाच्या झाडाखाली उभी होती. रूपसिंग होता, रेवा होती, सुरुपसिंग आणि दलपत पहाटे निघून पायी आले होते. नरोत्तम बोलला. छान बोलला, हे शत्रूनेही कबूल केलं असतं. त्याने बुधीबाईच्या पायांवर डोकं ठेवलं, तेव्हा तिने पाय आखडून घेतले आणि खुर्ची मागे कलंडता कलंडता वाचली. पुढच्या रांगेत कोणीतरी डोळे पुसले.

"आम्ही या माउलीचं नाव घेतलं, गाव घेतलं, कुळ घेतलं," तो म्हणाला. "आज ते मी सर्वांसमक्ष परत करतो. बुधीबाई तोरणमाळच्या पायथ्याच्या काकडपाड्याची आहे. तिला गाडीत बसवलं तेव्हा आंब्यावर मोर ओरडला, आणि तिच्या बापाने फडक्याने तोंड झाकलं. मोराची पावलं मातीत उठली होती, ती टाळून तो बाजूने चालत गेला. माझ्या आईने हे डोळ्यांनी पाहिलं आहे. मित्रहो, बुधीबाई मोराच्या कुळातली आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बुधीला बाप होता, त्याला तोंड होतं, ते त्याने झाकलं होतं. एवढ्या मोठ्या जगात तिचा एक पाडा होता. दोन-तीन श्वासांपुरती ती इतकी सुखी होती की तिला हसूच आलं. मग ते हसू घेऊन तिने रूपसिंगकडे बघितलं.

निंबाखाली कोणीही टाळी वाजवत नव्हतं. रूपसिंगचा हात रेवाच्या खांद्यावर होता, तो त्याने काढून घेतला. सुरुपसिंग दलपतचं मनगट धरून उभा होता. तेव्हा बुधीला कळलं. ज्या मोरासाठी ती बत्तीस वर्षं नवऱ्याच्या नात्याने पदर ओढत होती, तो तिच्या बापाचा होता. तिने आपल्या कुळातल्या भावाशी संसार केला होता.

पाहुण्यांना पोहे दिले. नरोत्तम सगळ्यांशी हात जोडून बोलत होता.

सोमवारी पंच बसले. पाटलांच्या गावात भिलांचे पंच म्हणजे पाच म्हातारे आणि एक चिलीम, पण त्यांचा शब्द आसपासच्या पाड्यांवर चालायचा. रूपसिंगला इतकं बोलताना कोणी ऐकलं नव्हतं. तो म्हणाला, दंड घ्या, बकरा घ्या, सगळ्या पाड्याला जेवण घालतो, जन्मभर तुमची लाकडं फोडतो. त्यांच्या रीतीत पुष्कळ गोष्टींना दंड होता, यालाच नव्हता. सुरुपसिंगने त्याला जवळ बसवलं आणि हळू सांगितलं. न कळता घडलं ते मातीत जातं, त्याचा दोष तुला नाही, तिलाही नाही. कळल्यावर राहिलात तर ते पाप. आणि आता सगळ्या जगाला कळलंय. एवढं बोलून म्हातारा स्वतःच रडला.

रेवाचं काय, असं बुधीने विचारलं. भावाबहिणीच्या पोटची पोर कोणत्या घरात जाणार? दलपत खाली मान घालून उठला. फाल्गुनात त्याचं दुसरीकडे ठरलं.

रीत अशी होती की पंचांसमोर रूपसिंगने बुधीला भावाचं लुगडं द्यायचं आणि बहीण म्हणून हाक मारायची, म्हणजे जुनं नातं सुटलं. रूपसिंग शहाद्याला जाऊन लुगडं घेऊन आला. लाल, हिरव्या काठाचं. गेली चार वर्षं ती त्याच्याकडे असंच मागत होती आणि तो पुढच्या साली म्हणत होता. लुगडं त्याने तिच्या ओटीत टाकलं. हाक मात्र तोंडातून निघेना. पंच थांबले. बुधीलाच त्याची दया आली. ती म्हणाली, "म्हन. एक डाव म्हन नि मोकया व्हय."

तो म्हणाला आणि तसाच उठून उत्तरेच्या वाटेला लागला. पुढे कोणी सांगत, तो तोरणमाळच्या वरच्या अंगाला जंगलखात्याच्या कामावर लाकडं तोडतो. परत आमोदखेड्याला तो आला नाही.

दोन दिवसांनी बुधी जमनाबाईसमोर जाऊन बसली. ओट्याखाली नाही, ओट्यावर, जमनाबाईच्या शेजारी. जमनाबाईने तिला उठवलं नाही.

"तुले ठाऊक व्हतं?"

"व्हतं."

"कवयपासून?"

"तुन्हा पहिला पोऱ्या व्हयना तवयपासून. रूपसिंगनी मोर देखीसन रस्ता सोडा, नि माले तुन्हा बाप याद उना."

"मंग सांगं काबर नही?"

"सांगती तर काय करती तू? त्याले सोडती?" जमनाबाई ओट्यावर पडलेली सरकी वेचायला लागली. "तुन्हासाठे गप ऱ्हायनू का मन्हा घरना गडी जावाले नको म्हनीसन गप ऱ्हायनू, आते माले बी समजत नही."

बुधीला आता दुसरंच काही दिसत होतं, तीन लहान मुलगे. इतकी वर्षं ती त्यांना ताप, हगवण आणि नशीब असं म्हणत आली होती. आता ते कशाने मेले ते तिला ठाऊक झालं. तसं नसेलही. पण आई एकदा असं समजून बसली की तिला कोण परत आणणार? त्या दिवसापासून तिने मोर दिसल्यावर पदर ओढणं सोडलं. बापाने तोंड झाकलं होतं ते मोरासाठी की लेकीकडे बघवत नव्हतं म्हणून, हेही तिला आता कळेनासं झालं होतं.

तिने काकडपाड्याला निरोप पाठवला होता. उत्तर आलं की तिथे तिचा एक भाऊ आहे, म्हातारा झालाय, त्याला बहीण आठवते. पण सभेची बातमी तिथेही पोचली होती, आणि त्याच्या घरात लग्नाच्या दोन मुली होत्या. इकडे येऊ नकोस, असं त्याने हात जोडून सांगितलं होतं. निरोप आणणाऱ्याने हात जोडूनही दाखवले.

बुधीचं अंग त्यानंतर कामाला उचलेना. तेव्हा कोणी न सांगता रेवा एके सकाळी टोपलं घेऊन पाटलांच्या गोठ्यात गेली. शेण काढलं, पाणी भरलं, आणि दुपारी कोनाड्यातला तो कान तुटलेला कप खाली घेऊन त्यात चहा प्यायली. बुधी झोपडीच्या दारातून बघत होती. तिने हाक मारली नाही. हाक मारून तिला पाठवणार कुठे?

होळी झाल्यावर नरोत्तम आला. इतके दिवस तो शहाद्यालाच होता, गावात तोंड दाखवायला त्याला लाज वाटत होती. उतरलेला दिसत होता, दाढी वाढली होती. झोपडीबाहेर तो मातीतच बसला, खादीची पर्वा न करता. त्याने खूप विचार केला होता. हे कुळाबिळाचं सगळं अज्ञान आहे, तो म्हणाला. रक्ताचा काही संबंध नसतो, कायदा याला मानत नाही. आपण पंचांना समजावू, रूपसिंगला परत आणू.

"त्याच कुळनासाठे तुम्ही तीन दिन उपाशी ऱ्हायनात ना नरूभाऊ?" बुधीने विचारलं. टोमणा नव्हता, तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

नरोत्तमला रडू फुटलं, हुंदके देऊन तो रडला. लहानपणी तो असा रडला की ती त्याला उचलून विहिरीवर न्यायची आणि पाण्यातलं कासव दाखवायची. आताही तिचा हात त्याच्याकडे गेला होता, पण तिने तो मांडीवर ठेवला.

"मी चुकलो, बुधीमाय," तो म्हणाला. "मला कळायला हवं होतं. आईचं ऐकायला हवं होतं. मी पुन्हा सभा घेतो. त्याच पटांगणात, त्याच लोकांसमोर सांगतो की हे माझ्यामुळे झालं. तुझी, रेवाची, दोघींची माफी मागतो."

गोठ्याकडून रेवा येत होती, डोक्यावर शेणाचं टोपलं. मालकाला बघून ती वाट सोडून कडेला उभी राहिली.

"नको नरूभाऊ," बुधी म्हणाली. "तुम्ही एक डाव माफी मांगी, मन्हा घरमाईन एक मानूस गया. आते घरमा हाई एकच ऱ्हायनी शे."